एमएस : बहिणीला आत्ताच रिटुक्सिमॅब सुरू करायचं की नव्या औषधाची वाट बघायची?

तापीकाठचा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या बहिणीला (वय २६, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका) मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे प्रतिकारशक्तीच आपल्या मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर उलटते) निघालाय. मागच्या वर्षी डावा डोळा दुखायचा, डोळा फिरवला की कळ यायची आणि त्या डोळ्याने लाल रंग फिका दिसायचा. भुसावळला डॉक्टरांनी थेंब दिले, महिन्याभरात आपोआप कमी झालं, आम्ही विसरून गेलो. यंदा दिवाळीनंतर कमरेखाली मुंग्या सुरू झाल्या आणि मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं व्हायला लागलं. मग नाशिकला न्यूरोकडे नेलं. एमआरआयमध्ये मेंदूत बरेच डाग, मानेच्या मज्जारज्जूत एक. पाठीतलं पाणी तपासलं, त्यात ऑलिगोक्लोनल बँड (एमएसमध्ये बहुतेकदा सापडणारी खूण) आले. एमएससारखेच दिसणारे दुसरे आजार, एनएमओ आणि एमओजी, यांच्या अँटिबॉडी निगेटिव्ह. पाच दिवस स्टिरॉइडचं सलाईन झालं. आता चालते-फिरते, शाळेतही जाते.

डॉक्टर म्हणतात लगेच रिटुक्सिमॅब (सलाईनमधून द्यायचं, प्रतिकारशक्तीच्या बी-पेशी उडवणारं औषध) सुरू करू. ते नको असेल तर डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्या. घरात मात्र एकमत नाही. आईचं म्हणणं, पोरगी बरी दिसतेय तर कॅन्सरचं औषध कशाला टोचायचं? मामा रोज सकाळी स्टेम सेलची एक लिंक टाकतो. आणि मी रात्री जागून वाचतो, की एमएसचा व्हायरस सापडला, मायलिन पुन्हा वाढवणारी गोळी आली, कुठलंसं 'बीटीके' औषध येतंय. वाटतं की दोन-चार वर्षांत पक्का इलाज येणारच असेल, तर तोवर प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध न घेता काढता येईल का? बहीण काहीच बोलत नाही. तुम्ही ठरवा म्हणते.

ज्यांनी स्वतः यातून काढलंय त्यांनी सांगावं.

गावकरी_बुवा

एवढे घाबरू नका हो. आमच्या साडूंच्या ओळखीत एकांनी दिल्लीला जाऊन स्टेम सेल टोचून घेतले, पुष्कळ फरक आहे म्हणतात. ॲलोपथीवाले गिऱ्हाईक जन्मभर बांधून ठेवतात. आणि व्हिटॅमिन डी चढवा भरपूर, सगळ्या ऑटोइम्यून आजारांचं मूळ तिथे आहे.

मुक्काम_सांगली

तापीकाठचा, उत्तर आधी देते, कारण बाकीचं लांबणार आहे. थांबू नका. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलंय ते आज जगात चांगल्या ठिकाणी जे करतात तेच आहे, आणि आपल्या खिशाला झेपेल असं आहे.

मी बँकेत आहे. एमएस २००८ पासून. तेव्हा आपल्याकडे पद्धत अशी की आधी सौम्य औषध द्यायचं आणि आजाराने ते जुमानलं नाही की मग वरचं काढायचं. मला आठवड्याला इंटरफेरॉनचं एक इंजेक्शन मिळायचं, मांडीत. मी ते शनिवारी रात्री घ्यायचे, म्हणजे रविवारची कणकण आणि अंगदुखी घरातच निघायची आणि सोमवारी काउंटरला बसता यायचं. एमएसचे अटॅक, म्हणजे अचानक उसळणारी नवी लक्षणं, कमी झाले, थांबले नाहीत. दर अटॅकनंतर स्टिरॉइड, दर वेळी "आली हं पूर्ववत" आणि दर वेळी थोडं काहीतरी मागे राहायचं. २०१६ ला रिटुक्सिमॅब सुरू झालं. तेव्हापासून एमआरआयमध्ये नवा डाग नाही. पण डावा पाय त्याआधीच ओढायला लागला होता, तो आजही ओढतो. औषधाने पुढचं वाचवलं, मागचं परत दिलं नाही. तुमच्या आईंना एवढंच सांगा. पोरगी बरी दिसतेय म्हणूनच औषध आत्ता द्यायचं.

तुम्ही रात्री जागून वाचता ते मीही बरीच वर्षं करत आले. आता माझी सवय अशी, की 'आशेचा किरण' दिसला की आधी बघायचं, उंदीर होते की माणसं. माणसं असतील तर किती, आणि त्यांची तुलना कशाशी केली. निम्म्या बातम्या पहिल्याच प्रश्नाला गळतात. उरलेल्यांपैकी ज्या तुमच्या बहिणीच्या कामाच्या आहेत त्या सांगते.

सगळ्यात मोठा बदल बी-पेशींचा. बी आणि टी या दोन्ही प्रतिकारशक्तीच्या पेशी. पूर्वी समजूत होती की एमएस म्हणजे टी-पेशींचा खेळ. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्टीफन हाउझर यांनी बी-पेशी उडवून बघितल्या, २००८ मध्ये, १०४ रुग्णांवर, रिटुक्सिमॅब वापरूनच. नवे डाग धाडकन कमी झाले. पण कंपनीने पुढच्या मोठ्या चाचण्या रिटुक्सिमॅबच्या न करता त्याच कुळातल्या नव्या औषधाच्या केल्या, ते ऑक्रेलिझुमॅब. २०१७ ला त्याचे निकाल छापून आले. इंटरफेरॉनच्या तुलनेत अटॅक जवळजवळ निम्मे. त्याच वर्षी अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि सुरुवातीपासूनच हळूहळू बिघडत जाणाऱ्या प्रायमरी प्रोग्रेसिव्ह प्रकारासाठी मंजूर झालेलं ते पहिलं औषध. २०२० मध्ये ओफाटुमुमॅब आलं, तेही त्याच जातीचं, महिन्याला एकदा घरच्या घरी टोचायचं.

म्हणजे रिटुक्सिमॅबच्या खोक्यात एमएसचं नाव नसतं ते असं राहून गेलं. कॅन्सरचं औषध हे खरं, लिम्फोमासाठी ते १९९७ पासून आहे. पण संधिवाताला, म्हणजे र्‍हुमॅटॉइडला, तेच २००६ पासून देतात. आईंना हवं तर संधिवाताचं औषध म्हणा, खोटं होणार नाही. आणि जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत पहिल्यांदाच एमएसची औषधं घेतली, ती तीन. ग्लाटिरामर, क्लॅड्रिबिन आणि रिटुक्सिमॅब. आपल्याकडे हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्येच त्याची देशी आवृत्ती काढली, नंतर इतरांनी काढल्या, म्हणून ते आवाक्यात आहे. ऑक्रेलिझुमॅबचं बिल लाखांत जातं.

आता व्हायरस. बातमी खरी आहे. एपस्टीन-बार व्हायरस, ईबीव्ही. हार्वर्डच्या आस्केरियो यांच्या गटाने अमेरिकी सैन्यातल्या १ कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी आणि साठवलेलं रक्त धुंडाळलं. त्यात ९५५ जणांना पुढे एमएस झाला होता. ईबीव्हीचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला, दुसऱ्या कुठल्या व्हायरसने तसं झालं नाही. हे २०२२ च्या जानेवारीतलं. त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या लोकांनी दाखवलं की या व्हायरसचं एक प्रथिन आणि आपल्या मेंदूतल्या पेशींवरचं एक प्रथिन इतकं सारखं आहे की काही रुग्णांच्या अँटिबॉडी दोन्हींना चिकटतात. हाउझर आणि आस्केरियो दोघांना २०२५ चं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं, ते योग्यच झालं.

पण तुमच्या बहिणीला याचा आज उपयोग काय? काही नाही. हा व्हायरस जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात आहे, तुमच्या, माझ्या, बुवांच्यासुद्धा. तेवढ्याने एमएस होत नाही, सोबत जनुकं आणि आणखी बरंच काही लागतं. आपल्याकडेच बघा, मुंबईच्या पारशी समाजात एमएस इतरांपेक्षा जास्त आढळतो, हे १९८०-९० च्या सुमारास डॉ. नोशिर वाडियांसारख्या न्यूरॉलॉजिस्टनी नोंदवून ठेवलंय. लस निघाली तर पुढच्या पिढीला. आणि ईबीव्ही असलेल्या पेशींवरच नेम धरणारा एक उपचार तपासला गेला, तो २०२३ मध्ये फसला.

मायलिनची गोळी. क्लेमास्टिन म्हणजे सर्दी-खाजेचं जुनं औषध. २०१७ मध्ये ५० रुग्णांवर बघितलं, तर डोळ्याकडून मेंदूकडे संदेश जायला लागणारा वेळ १.७ मिलिसेकंदाने कमी झाला. शास्त्रज्ञांना आनंद झाला आणि व्हायलाच हवा होता, कारण माणसात मायलिन दुरुस्त होऊ शकतं याची ती खूण होती. पण रुग्णांना त्याने स्पष्ट दिसायला लागलं असं नाही. आग विझवणं वेगळं आणि जळालेली भिंत पुन्हा बांधणं वेगळं. विझवण्यात आपण फार पुढे आलोय, बांधकामाच्या अजून विटाच तपासतोय.

आणि बीटीके, म्हणजे प्रतिकारपेशींमधलं एक प्रथिन, ते अडवणाऱ्या गोळ्या. हे जरा सविस्तर सांगते, कारण यात माझा स्वतःचा जीव अडकलाय. अटॅक न येता, एमआरआयवर नवा डाग न दिसता, माणूस वर्षागणिक थोडा थोडा मागे जातो, त्याला आता डॉक्टर धुमसणारा एमएस म्हणतात. मेंदूच्या आतच ठाण मांडून बसलेल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी ते करतात असा अंदाज आहे. रिटुक्सिमॅबचा रेणू मोठा, तो मेंदूत फारसा शिरत नाही. बीटीकेच्या गोळ्यांचे रेणू लहान, ते शिरतात. टोलेब्रुटिनिबची चाचणी ज्यांचे अटॅक थांबलेत पण बिघाड चालू आहे अशा ११३१ जणांवर झाली, २०२५ मध्ये छापून आली. सहा महिने टिकून राहिलेला बिघाड औषध नसलेल्या, नुसत्या दिखाव्याच्या गोळीवाल्यांपैकी ३०.७ टक्क्यांना, औषधवाल्यांपैकी २२.६ टक्क्यांना. म्हणजे धोका ३१ टक्क्यांनी कमी. माझ्यासारखीला ही बातमी मोठी आहे. पण त्यात यकृताचा त्रास निघाला, एका रुग्णाचा त्यातून मृत्यूही झाला. त्याच जातीचं एव्होब्रुटिनिब २०२३ मध्ये साफ पडलं. आणि मुख्य गोष्ट, तुमच्या बहिणीसारख्या अटॅक येणाऱ्या रुग्णांमध्ये टोलेब्रुटिनिब टेरिफ्लुनोमाइड या जुन्या गोळीच्या पुढे गेलंच नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी तुम्ही थांबायचं म्हणता त्यातलं हे तरी तिच्यासाठी नाहीच. तिच्या आजच्या अवस्थेत चालणारं औषध आज दुकानात आहे.

मामांच्या लिंकबद्दल. स्टेम सेल या एकाच पाटीखाली दोन वेगळे धंदे चालतात. एक म्हणजे रक्ताच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण. आधी स्वतःच्या पेशी काढून ठेवायच्या, मग केमो देऊन सगळी प्रतिकारयंत्रणा पुसायची आणि त्या पेशी परत द्यायच्या. हे खरं वैद्यक आहे. २०१९ मध्ये ११० रुग्णांची चाचणी झाली, निकाल चांगले होते, पण जोखीम मोठी. ते बोन मॅरो युनिटमध्ये होतं, कित्येक आठवडे, आणि ज्यांना इतर औषधं पुरत नाहीत त्यांच्यासाठी असतं. दुसरा प्रकार म्हणजे पोटाच्या चरबीतून नाहीतर नाळेतून 'पेशी' काढून पाठीत टोचायच्या आणि संध्याकाळी घरी सोडायचं, पॅकेज अमुक लाख. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मान्यताप्राप्त चाचणीच्या बाहेर असं करणं अनैतिक आहे. चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. मामांना एवढंच विचारायला सांगा, की पैसे घेणार का? हो म्हणाले की फोन ठेवायचा.

वयाने मोठ्या मंडळींना आठवत असेल, २००९ नंतर इटलीच्या डॉ. झांबोनींचा एमएससाठी गळ्याच्या शिरा फुगवायचा उपचार असाच गाजला होता. कॅनडाहून लोक विमानाने भारतात येऊन करून जायचे. पुढे कॅनडात नीट चाचणी झाली, खोटी शस्त्रक्रिया केलेल्यांइतकाच फरक. झांबोनींच्या स्वतःच्या चाचणीतही तेच निघालं. साडूंच्या ओळखीतल्यांना बरं वाटलं असेल, बुवा, मी नाही म्हणत नाही. एमएसचा अटॅक आपोआपही ओसरतो. या धाग्यातला तो डोळा थेंबांनी बरा झाला असं तेव्हा वाटलंच होतं की.

व्हिटॅमिन डी बाबत मात्र तुम्ही अगदीच चुकीचं बोलत नाही. २०२५ मध्ये फ्रान्सची चाचणी आली, पहिल्या अटॅकनंतर दर १५ दिवसांनी १ लाख युनिट. दोन वर्षांत आजार पुन्हा हलला (नवा अटॅक किंवा नवा डाग) तो व्हिटॅमिनवाल्यांत ६० टक्क्यांना, इतरांत ७४ टक्क्यांना. फरक आहे, पण म्हणजे ६० टक्क्यांना हललाच. औषधाबरोबर घ्यायची गोष्ट आहे, औषधाऐवजी नाही. आणि 'चढवा भरपूर' करून कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडलेली मी पाहिली आहेत.

उत्तरायण

सांगलीताईंनी बहुतेक सांगितलंय. मी स्वीडनमध्ये आहे, रुग्णालयाच्या आकडेवारीत काम करतो, डॉक्टर नाही. इथे एमएसला सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध रिटुक्सिमॅबच आहे, आणि हा श्रीमंत देश आहे. कुणाला ते 'गरिबांचं ऑक्रेलिझुमॅब' वाटत असेल म्हणून सांगितलं.

तुमच्यापुढे जे दोन पर्याय आहेत, नेमकी त्याच दोघांची समोरासमोर चाचणी इथे झालीय. २०० रुग्ण, दोन वर्षं, २०२२ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत आली. डायमिथाइल फ्युमरेटवर असलेल्यांपैकी १६ टक्क्यांना अटॅक आला, रिटुक्सिमॅबवर ३ टक्क्यांना. निदान होऊन फार काळ न झालेले रुग्ण होते, म्हणजे तुमच्या बहिणीसारखेच. डोस सुरुवातीला १००० मिलिग्रॅम आणि मग दर सहा महिन्यांनी ५००.

दुसरी बाजूही सांगतो. २०२३ मध्ये अनेक देशांच्या नोंदी एकत्र करून केलेल्या एका अभ्यासात ऑक्रेलिझुमॅबवर अटॅक रिटुक्सिमॅबपेक्षा कमी दिसले. तो नोंदींवरचा अभ्यास होता, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, आणि दोन्हीकडे अटॅकचं प्रमाण कमीच होतं. डेन्मार्कने याच प्रश्नावर नीट चाचणी हाती घेतलीय. शिवाय वर्षानुवर्षं घेतल्यावर रक्तातल्या इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे अँटिबॉडी) कमी होतात, जंतुसंसर्ग वाढतो. कोविडमध्ये या औषधावरचे लोक जास्त आजारी पडले आणि लसही त्यांच्यात कमी चढली. म्हणून आता सगळीकडे प्रश्न असा आहे, की आजार काही वर्षं शांत राहिला तर डोसमधलं अंतर किती वाढवता येईल. सुरू करावं की नाही यावर इथे आता कुणी फारसं भांडत नाही.

एक चांगलं केलंत, की एनएमओ आणि एमओजी तपासून घेतलं. इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटॅलिझुमॅब ही एमएसची औषधं एनएमओमध्ये उलट घात करतात. भारतात ही गल्लत महागात पडू शकते.

तापीकाठचा

काय लिहू कळत नाही. आई-मामांना सगळं वाचून दाखवलं. मामाने त्या सेंटरला खरंच फोन लावला, स्पीकरवर. "नोंदणीचे पन्नास हजार आज भरले तर सवलत आहे" म्हणाले. मामाने फोन ठेवला आणि तेव्हापासून ग्रुपवर फक्त सुप्रभात येतंय.

अजून थोडं विचारू का? आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं. नेटवर वाचलं की उन्हाने एमएस वाढतो, मग तिने बदली मागायची का? दुसरं, तिचं लग्न जमत आलं होतं, पुढे मुलंबाळं? तिसरं, हे औषध देतात तेव्हा नक्की होतं काय? आणि विम्याचं कुणाला माहीत असेल तर.

मुक्काम_सांगली

मामांना माझा नमस्कार सांगा. फोन लावून बघणारी माणसं दुर्मिळ.

ऊन. उन्हाने लक्षणं वाढतात, आजार नाही. १८९० मध्ये ऊटहोफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने हे लिहून ठेवलंय. मायलिन गेलेल्या नसांतून जरा गरम झालं की संदेश अडतो, अंग थंड झालं की पुन्हा जातो. मला कडक पाण्याने अंघोळ केली की उजव्या डोळ्यापुढे वाफ धरल्यासारखं होतं, बाहेर येऊन पंख्याखाली बसलं की जातं. पहिल्यांदा झालं तेव्हा नवा अटॅक समजून घर डोक्यावर घेतलं होतं. हिशोब असा ठेवायचा: नवीन लक्षण २४ तासांपेक्षा जास्त टिकलं, ताप नाही, लघवीला जळजळ नाही, तर डॉक्टरांना फोन. ताप किंवा लघवीचा संसर्ग असेल तर आधी तो बघायचा, जुनी लक्षणं त्याने वर येतात. बदलीबिदली नको. सकाळची शाळा असतेच उन्हाळ्यात. ओला पंचा मानेला, डोक्याला टोपी किंवा उपरणं, आणि घरी कूलर तिच्या खोलीत. भुसावळचं ऊन कुणालाच झेपत नाही, त्यात एमएसचा वाटा किती हे तुमचं तुम्हाला कळेल.

मुलं होतात. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अटॅक उलट कमी होतात, बाळंतपणानंतरचे पहिले तीन महिने मात्र सांभाळायचे. हे १९९८ पासून पक्कं माहीत आहे. रिटुक्सिमॅबचा डोस आणि दिवस राहण्याची वेळ डॉक्टर जुळवून देतात, म्हणून विचार असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवायचं, लाजायचं नाही. कुणी टेरिफ्लुनोमाइडच्या गोळ्या सुचवल्या तर मात्र 'लग्न ठरतंय' हे पहिल्या वाक्यात सांगायचं. ते गर्भाला चालत नाही आणि शरीरातून निघायला फार वेळ घेतं.

लग्नाचं मी काय सांगणार? माझं मत विचाराल तर लपवून जमवू नका. पुढे दर सहा महिन्यांनी दिवसभर हॉस्पिटलात जायचंय, ते कसं लपेल?

औषधाचा दिवस. आधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी, इम्युनोग्लोब्युलिनची पातळी. न्यूमोनियाची, हिपॅटायटिसची, फ्लूची लस राहिली असेल तर पहिल्या डोसच्या काही आठवडे आधी उरकून घ्या, नंतर चढत नाही. त्या दिवशी सकाळी पॅरासिटामॉल, ॲव्हिल आणि थोडं स्टिरॉइड देतात, अर्ध्या तासाने सलाईन. पहिल्या वेळी पंप अगदी हळू लावतात, दर अर्ध्या तासाला थोडा वाढवतात, म्हणून सकाळचे गेलात तर संध्याकाळ होते. मला पहिल्यांदा तासाभराने घशात खाज सुटली आणि कान तापले. नर्सला सांगितलं, तिने पंप थांबवला, काही वेळाने कमी वेगावर परत लावला, मग काही झालं नाही. हे बऱ्याच जणांना पहिल्या वेळी होतं. सांगायचं, सहन करत बसायचं नाही. एसी असतो, स्वेटर न्या. सुई ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताला मागा. रात्री स्टिरॉइडमुळे झोप लागणार नाही, दुसऱ्या दिवशी थकवा.

विमा. आधीपासून पॉलिसी असेल तर आयआरडीएआय या विमा नियामकाच्या २०१९ च्या, पॉलिसीत धरायच्या आधुनिक उपचारांच्या यादीत इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी आहेत. "२४ तास ॲडमिट नव्हता" म्हणून क्लेम परत आला तर ती यादी जोडून तक्रार करायची. माझा एकदा असाच परत आला होता, तक्रारीनंतर मिळाला. मात्र पॉलिसीत या उपचारांना वेगळी मर्यादा असू शकते, ते पान नीट वाचा. ती जिल्हा परिषदेत आहे तर वैद्यकीय प्रतिपूर्तीचं पंचायत समितीत विचारून ठेवा, आणि विचारताना लेखी विचारा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट आहे. आत्ता तिला दिव्यांग प्रमाणपत्राचे ४० टक्के मिळणार नाहीत, न मिळोत. पण सगळे एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, स्टिरॉइडची बिलं एका फाइलीत तारखेप्रमाणे लावा. सीडीवरचे एमआरआय पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. दोन वर्षांनी तुलना करायला रेडिओलॉजिस्टला चित्रं लागतात, रिपोर्टचा कागद पुरत नाही. मुंबईत एमएस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून आहे, त्यांना फोन करा. तुमच्यापेक्षा तिला त्याची जास्त गरज आहे.

आणि तिला हा धागा वाचायला द्या हो. सगळे तिच्याबद्दल बोलतायत.

शाळेतली_बाई

मीच ती बहीण. दादाने माझ्या डोळ्यापासून लग्नापर्यंत सगळं इथे मांडलंय हे मला काल कळलं. त्याच्याशी वेगळं बोलणं झालंय.

मी गप्प होते कारण घरात मला कुणी विचारत नव्हतं, एकमेकांशीच वाद चालला होता. रिटुक्सिमॅब घेते म्हणून डॉक्टरांना मी स्वतः कळवलं आहे. तपासण्या झाल्या, लसी चालू आहेत. लग्नाच्या मुलालाही मीच फोन करून सांगितलं. त्याने विचार करायला वेळ मागितलाय, मला ते ठीक वाटलं.

ताई, मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. माझ्या वर्गात पहिलीची पोरं आहेत, सदा शेंबूड आणि खोकला. या औषधावर असताना वर्गात बसू ना? आणि सलाईन शनिवारी घेतलं तर सोमवारी शाळेत जाता येईल का? माझी रजा आधीच खूप गेलीय.

मुक्काम_सांगली

शाबास गं. दादाला माफ कर, काळजीने लिहिलंय त्याने.

वर्गात खुशाल बस. बी-पेशी गेल्या तरी बाकीची प्रतिकारयंत्रणा शाबूत असते, मी रोज नोटा मोजते, त्या काही पोरांच्या शेंबडापेक्षा स्वच्छ नसतात. खिडक्या उघड्या ठेव, साथ असेल तेव्हा मास्क, हात धुवायला साबण तुझा वेगळा ठेव. पोरांत कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. दरवर्षी फ्लूची लस, पुढच्या डोसच्या आधी कधी घ्यायची ते त्यांना विचार. 'जिवंत' लस कुठलीच नाही, शाळेत लसीकरणवाले आले आणि मोठ्यांनाही देतो म्हणाले तरी नाही.

शनिवार चालेल. पहिल्या वेळी सोमवार मोकळा ठेव, पुढच्या वेळेपासून बहुतेक लागणार नाही. नाशिकहून येताना ॲव्हिलची गुंगी असते, तेव्हा स्टेशनवर स्कूटी ठेवून जाऊ नकोस, दादाला बोलव न्यायला. तेवढं काम त्याच्याकडे लागतंच आता.

उत्तरायण

@शाळेतली_बाई, एक भर. पहिल्या डोसच्या आधीचा एमआरआय जुना झाला असेल तर सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान एक नवा करून घ्यायचा का, ते डॉक्टरांना विचारा. औषध लागू होण्याआधीच उमटलेला डाग नंतर 'औषध असतानाही आला' म्हणून मोजला जातो आणि उगाच औषध बदललं जातं. शक्यतो त्याच सेंटरला, त्याच मशीनवर.

तापीकाठचा

स्टेशनवर न्यायला मी असेन. आणि हो, इथून पुढे या धाग्यावर काय लिहायचं ते तीच ठरवेल, मला तशी ताकीद आहे.